सोयाबीनची शेंग का फुटते? माझा चुकलेला कोड आणि एक लाल रेघ

या भागात पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. नेहमी आपण कोडिंग, नोकरी, स्टार्टअप यावर बोलतो. आज विषय आहे शेंगेची भिंत. कोडिंगही येईल मध्ये, कारण माझा कोड यात सपशेल तोंडावर पडला.

मी बीटेक नांदेडला केलं, नोकरी पुण्यात आणि गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. आमच्याकडं खरीप म्हणजे सोयाबीन. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला गावी गेलो होतो. पाऊस उघडलेला, ऊन कडक आणि काढणीला मजूर मिळत नव्हते. आठ दिवस पीक तसंच उभं राहिलं. दुपारी बांधावर उभं राहिलं की आवाज यायचा, तड... तड... तड. शेंगा फुटत होत्या. अप्पा काही बोलत नव्हते, नुसते ऐकत होते.

हिशेब करून बघा. सोयाबीनच्या १०० दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम धरू. एका चौरस मीटरमध्ये १०० दाणे गळाले, तर एकरी जवळपास ४८ किलो. म्हणजे अर्धा क्विंटल मातीत. आणि मामाचं रान शेजारीच, पेरणी त्याच आठवड्यातली, पण वाण वेगळा. त्याच्या शेंगा फारशा फुटल्या नव्हत्या. अप्पा म्हणाले, "अरे, तुम्ही शिकलेली पोरं. बघा बरं, हे असं का होतंय."

माझी चुलत बहीण नांदेडला एमएस्सी करते, वनस्पतीशास्त्रात. तिला फोन लावला. ती म्हणाली, "दादा, दोन्ही रानांतल्या शेंगा आण, हिरव्या अन् पिकत आलेल्या. भिंत बघू."

भिंत म्हणजे पेशीभित्तिका. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला छोटे छोटे कप्पे दिसले. आपण त्याला पेशींचा शोध म्हणतो, पण त्याला दिसल्या त्या खरं तर मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात, पेक्टिनसारखा चिकट माल असतो आणि काही पेशींत लिग्निन असतं. लिग्निन म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ. आई घेवडा निवडताना कडेची शिर ओढून काढते ना? ती शिर अशाच जाड भिंतीच्या तंतूंची असते.

आता नुसता काप बघितला तर सगळं पारदर्शक दिसतं, कुठं काय आहे ते कळत नाही. म्हणून रंग द्यावा लागतो. बहिणीनं शेंग गाजराच्या चिरेत धरली आणि ब्लेडनं आडवे पातळ छेद घेतले. त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. हे घरी करायचं काम नाही, प्रयोगशाळेतच करायचं. आणि आम्लाचा थेंब भिंगाला लागला तर भिंग गेलं. एक-दोन मिनिटांत जिथं लिग्निन आहे तिथं लालभडक रंग चढतो, बाकीचं फिकट राहतं. दुसऱ्या छेदांना टोल्युइडीन ब्लू दिला. त्यात लिग्निनवाल्या भिंती हिरवट-निळ्या आणि पेक्टिनवाल्या जांभळट दिसतात.

आता माझी एन्ट्री. मी म्हटलं, हे तर सोपं आहे. फोटो घ्यायचे, पायथॉनमध्ये लाल पिक्सेल मोजायचे, टक्केवारी काढायची. ज्यात लाल कमी, ती शेंग कच्ची, ती फुटणार. रात्रभर बसून कोड लिहिला. उत्तर काय आलं? दोन्ही वाणांचं लाल जवळपास सारखंच. वर एकाच शेंगेच्या दोन छेदांत मोठा फरक, कारण हातानं घेतलेला छेद कुठं जाड, कुठं पातळ. जाड छेद गडद दिसणारच. शिवाय हा रंग लिग्निनमधल्या ठरावीक रासायनिक गटांनाच धरतो, म्हणजे रंग गडद म्हणून लिग्निन तितकं जास्त, असंही सरळ म्हणता येत नाही.

बहीण हसली. म्हणाली, "दादा, किती ते मोजत बसू नको. कुठं आहे ते बघ."

मग मी पहिल्यांदा फोटो नीट बघितला. लाल रंग मुख्यतः दोन ठिकाणी होता. एक, दोन टरफलं जिथं जुळतात त्या शिवणीपाशी टोपीसारखा पुंजका. दोन, टरफलाच्या आतल्या बाजूनं गेलेली लाल रेघ, म्हणजे कठीण पेशींचा थर.

या दोन्हींवर २०१४ मध्ये दोन महत्त्वाची संशोधनं प्रसिद्ध झाली. चिनी संशोधकांनी दाखवलं, की शिवणीतला कमकुवत थर रानटी सोयाबीनमध्ये असतो तसाच लागवडीच्या सोयाबीनमध्येही असतो. फरक त्या टोपीत आहे. लागवडीच्या सोयाबीनमध्ये तिथल्या भिंती खूप जाड होतात आणि शिवण धरून ठेवतात. जपानी संशोधकांनी आतल्या थराकडं बघितलं. तिथं लिग्निन साठायला लागतं त्या सुमारास पीडीएच-१ नावाचा जनुक काम करतो. तो चालू असेल तर सुकताना टरफलाला जास्त पीळ बसतो. फुटलेलं टरफल स्क्रूसारखं वळलेलं असतं, बघितलंय ना? तोच हा पीळ. न फुटणाऱ्या बऱ्याच वाणांत हा जनुक बिघडलेला आहे आणि तो बिघाड शेतकऱ्याच्या फायद्याचा.

म्हणजे लिग्निन शिवणीत असेल तर शेंग धरून ठेवतं, आतल्या थरात असेल तर फोडायला जोर देतं. शेंगा दळून रसायनशास्त्रानं एकूण लिग्निन काढलं असतं, तर हे कधीच कळलं नसतं. माझ्या कोडनं नेमकं तेच केलं होतं, फोटो दळला होता.

हे सगळं अप्पांना सांगितलं. त्यांचा प्रश्न एकच, "मग बी ठेवायचं का बदलायचं?"

खरं सांगतो, दहा-बारा छेदांवरून ते सांगता येत नव्हतं. म्हणून आम्ही दोन्ही रानांतल्या पिकलेल्या, सारख्या शेंगा घेतल्या आणि प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये ४० अंशांवर ७ दिवस ठेवल्या. वाण निवडताना संशोधकही अशीच चाचणी घेतात. आमच्या निम्म्याहून जास्त फुटल्या, मामाच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढच्या खरिपात अप्पांनी अर्ध्या रानात वाण बदलला. अर्ध्याच. म्हणाले, "सगळं एकदम बदलायचं नसतं."

आणि एक गोष्ट. अप्पा वर्षानुवर्षं काढणी पहाटे दवात सुरू करतात, ऊन चढलं की थांबतात. मला ती जुनी सवय वाटायची. पण पीळ बसतो तो टरफल कोरडं झाल्यावर. दवानं ते ओलसर असतं, तोवर तो जोर कमी असतो. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ते माहिताय रे. तू फोटो दाखव."

फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते, त्या लाल रेघेवर बोट ठेवून.

तर मंडळी, तुमच्याकडं कोणता वाण आहे आणि तो किती फुटतो, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. रामराम!