जांभळे गाजर : वाफ्यापासून ताटापर्यंत

(शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत सदस्य ह्यांच्या परसबाग प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



परसबागेवर बोलताना आपण बहुधा मेथी, पालक, वांगी, टोमॅटो, शेवगा ह्यांचीच नावे घेतो. आज मी एका काहीशा अपरिचित कंदमुळाविषयी बोलणार आहे. ते म्हणजे जांभळे गाजर, उत्तर भारतात ज्याला काळे गाजर म्हणतात ते. नवलाची वस्तू म्हणून मी त्याची निवड केलेली नाही. परसबागेत पीक कसे घ्यावे आणि घेतलेले पीक वाया न घालवता कसे टिकवावे, हे दोन्ही धडे हे एकच पीक उत्तम रीतीने शिकवते, म्हणून ते निवडले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जांभळे गाजर हे काही अलीकडचे, प्रयोगशाळेत घडविलेले पीक नव्हे. गाजराची लागवड मध्य आशियात, अफगाणिस्तान व इराणच्या परिसरात, सुमारे दहाव्या शतकाच्या आसपास रूढ झाली, आणि तेव्हाची गाजरे जांभळी व पिवळी होती. आज ज्याला आपण नेहमीचे गाजर समजतो ते नारिंगी गाजर त्यानंतर कित्येक शतकांनी, सोळाव्या-सतराव्या शतकांत नेदरलंड्समध्ये स्थिरावले. आपल्या देशात पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश ह्या भागांत काळ्या गाजराची परंपरा आजही टिकून आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पूसा आसिता’ व लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ‘पंजाब ब्लॅक ब्युटी’ असे निवडक वाण त्यातून दिले आहेत.

ह्या गाजराचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. जांभूळ आणि काळी द्राक्षे ह्यांना रंग देणारी द्रव्ये ह्याच कुळातली. नारिंगी गाजरात मात्र बीटा-कॅरोटिन असते आणि त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. हा भेद शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी नीट ध्यानात ठेवावा. आतपर्यंत काळपट जांभळ्या असलेल्या गाजरात कॅरोटिनचे प्रमाण नारिंगी गाजराच्या तुलनेने कमी असते. तेव्हा जांभळे गाजर लावले म्हणजे मुलांच्या दृष्टीची चिंता मिटली, असा प्रचार कोणीही करू नये. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, नारिंगी गाजर ही परसबागेत राहिलीच पाहिजेत. जांभळ्या गाजराने त्यांच्या शेजारी बसावयाचे आहे, त्यांची जागा घ्यावयाची नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. ज्या शाळेत मी काम करीत होतो तेथे आम्ही मोठ्या उत्साहाने गाजराचा वाफा केला. ऑक्टोबरात बी टाकले, छायाचित्रे काढली, आणि दिवाळीची सुट्टी लागली. गाजराचे बी उगवण्यास दहा-पंधरा दिवस घेते, आणि त्या काळात मातीचा वरचा थर एकदाही सुकून चालत नाही. सुट्टीनंतर येऊन पाहतो तो वाफ्यावर टणक पापुद्रा धरलेला आणि त्यातून इनमिन आठ-दहा रोपे डोकावत होती. दोष ना बियाण्याचा होता, ना मातीचा. आम्ही पेरणीची तारीख ठरविली, पण पाणी देणाऱ्याचे नाव ठरविले नाही.

पुढील वर्षी सुट्टी संपल्यावर पेरणी केली. गाजरे भरपूर आली, पण बहुतेक दुशिंगी, तिशिंगी. कारण शोधता दिसले की आम्ही वाफ्यात ताजे शेण घातले होते आणि खडे वेचले नव्हते. मुळाच्या टोकाला अडथळा आला की ते फुटते, हा साधा नियम आम्ही पुस्तकात वाचला होता, वाफ्यावर पाळला नव्हता.

ह्या दोन अनुभवांतून जी पद्धत बसली ती आपणांपुढे ठेवतो.

जमीन भुसभुशीत हवी. आपल्याकडील भारी काळी जमीन ओली असता चिकटते व सुकली की भेगाळते. तेथे वाफा वीतभर उंच करावा आणि त्यात वाळू व जुने, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. कोकणातील खडकाळ जांभ्या जमिनीवरही उंच वाफा हाच उपाय. माती तीस सेंटिमीटर खोलीपर्यंत मोकळी करून खडे वेचून काढावेत. हे काम पेरणीपूर्वी पंधरा दिवस आधी उरकावे.

तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असा एक वाफा नवख्या शाळेस पुरेसा आहे. त्यास सुमारे तीन ग्रॅम बी लागते. तीस सेंटिमीटर अंतरावर आडव्या रेघा ओढून, बारीक वाळूत मिसळलेले बी त्यांत एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे. वरून चाळलेले खत पसरावे, झारीने हलके पाणी द्यावे आणि उगवण होईपर्यंत ओले गोणपाट अंथरावे. कोंब दिसताच गोणपाट काढण्यास विसरू नये.

त्यानंतरचे काम सर्वांत अवघड, कारण ते मनास पटत नाही. ते म्हणजे विरळणी. रोपे बोटभर झाली की दोन रोपांत सात-आठ सेंटिमीटर अंतर राहील अशी बाकीची उपटून टाकावी लागतात. मुले हळहळतात, मोठेही हळहळतात. परंतु दाट ठेवलेल्या वाफ्यात पाला उदंड येतो आणि खाली शेपटीएवढी मुळे निघतात. नीट विरळलेल्या ह्या वाफ्यात सव्वाशेच्या आसपास झाडे राहतात. एकेक गाजर सरासरी पाऊणशे ग्रॅमचे धरले तर नऊ-दहा किलो माल होतो. विरळणीचा हा हिशेब गणिताच्या तासाला मुलांकडूनच करून घ्यावा.

पुढे खुरपणी वेळेवर करावी व पाणी बेताने पण नियमित द्यावे. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले की गाजरे उभी तडकतात. मुळाचा माथा उघडा पडल्यास मातीची भर द्यावी, नाहीतर तो उन्हाने हिरवा व कडवट होतो. रंग गडद भरण्यासाठी थंडी हवी, म्हणून महाराष्ट्रात ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरअखेर हा पेरणीचा काळ धरावा. तीन ते साडेतीन महिन्यांत काढणी येते.

येथवर पीक हाती आले. परंतु परसबागेचे यश काढणीच्या दिवशीच्या वजनावर मोजू नये. किती दिवस ते मुलांच्या ताटात पडले, ह्यावर ते मोजावे. आम्ही तिसऱ्या वर्षी उत्तम पीक काढले, पाहुण्यांना दाखविण्यासाठी स्वच्छ धुतले, प्लास्टिकच्या पोत्यात भरले आणि कोपऱ्यात ठेवले. थोड्याच दिवसांत निम्मे सडले. लागवडीइतकेच साठवणीकडे लक्ष दिले असते, तर ही नासाडी टळली असती.

साठवणीचा पहिला उपाय कोठीत नाही, वाफ्यातच आहे. सगळे बी एकाच दिवशी पेरू नये. वाफ्याचे तीन भाग करून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावे, म्हणजे माल क्रमाक्रमाने निघतो. थंडी असेपर्यंत तयार गाजर जमिनीत काही दिवस सुखाने राहते. मात्र ऊन तापू लागल्यावर ते ठेवू नये, कारण मग गाभा लाकडासारखा होतो व झाड फुलावर येते.

दुसरा उपाय वाळूचा. सकाळी गारव्यात गाजरे काढावीत. पाला लगेच छाटावा, कारण उपटल्यावरही तो मुळातील ओलावा ओढत राहतो. माथ्याला एक-दोन सेंटिमीटर देठ ठेवावा. गाजरे धुऊ नयेत, नुसती माती झटकावी. तुटलेली व किडलेली वेगळी काढून आधी खावीत. उरलेली मोठ्या रांजणात किंवा लाकडी खोक्यात ओलसर वाळूच्या थरांत, एकमेकांस न टेकता रचावीत. वाळू मुठीत दाबली असता गोळा व्हावी, पण बोटांतून पाणी गळू नये. रांजण घराच्या सर्वांत थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तपासावा. पिकती केळी किंवा सफरचंदे जवळ ठेवू नयेत, त्यांतून निघणाऱ्या वायूने गाजर कडू होते.

तिसरा उपाय गावाने मिळून करावयाचा आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली शून्य ऊर्जा शीतपेटी विटांच्या दुहेरी भिंतींची असते. दोन भिंतींमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर पोकळी ठेवून तीत वाळू भरतात, वर गवताचे किंवा वाळ्याचे झाकण करतात आणि वाळू व झाकण रोज सकाळ-संध्याकाळ भिजवितात. पाणी उडून जाताना आतील हवा थंड व दमट राहते. वीज लागत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ती उत्तम चालते. कोकणच्या दमट हवेत तिचा गुण कमी येतो, हेही आधीच जाणून असावे. ग्रामपंचायतीने शाळेच्या आवारात सावलीत अशी एक पेटी बांधून दिली, तर गाजरासच काय, सर्व भाजीपाल्यास तिचा उपयोग होईल.

चौथा उपाय उत्तरेकडील गृहिणींनी शतकानुशतके वापरलेला आहे, तो म्हणजे कांजी. अर्धा किलो काळ्या गाजराचे तुकडे, अडीच लिटर उकळून गार केलेले पाणी, दोन मोठे चमचे मोहरीची भरड, चवीपुरते मीठ व तिखट चिनी मातीच्या बरणीत घालून, तोंडाला फडके बांधून तीन-पाच दिवस उन्हात ठेवतात. छान आंबट, गडद लाल पेय तयार होते. बुरशी आली वा वास बिघडला तर ते टाकून द्यावे.

स्वयंपाकाविषयी एक सूचना. हा रंग पाण्यात उतरतो. खिचडीत घातल्यास सगळी खिचडी जांभळी होते आणि मुले ताट बाजूला सारतात. त्याऐवजी कोशिंबीर करून वर लिंबू पिळावे. रंग क्षणात लालबुंद होतो आणि तीच मुले पुन्हा मागतात. विज्ञान शिक्षकांस येथे आयता प्रयोग मिळतो. गाजराच्या पाण्यात लिंबाचा रस घालावा, दुसऱ्या पेल्यात खाण्याचा सोडा. एक लाल, दुसरे निळसर. आम्ल व आम्लारी ह्यांचा भेद मुले जन्मात विसरणार नाहीत.

शेवटी पंचायत सदस्यांस व अधिकारी बंधूंस एक विनंती. 2021 पासून शालेय भोजनाची योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण ह्या नावाने चालते आणि शाळेतील पोषणबागेस तीत उत्तेजन आहे. कागदावर बाग असणे सोपे आहे. आपण तपासणीस जाल तेव्हा बाग आहे काय, एवढेच विचारू नका. सुट्टीत पाणी कोण देतो, विरळणी झाली काय, काढलेला माल कोठे ठेवता, हे तीन प्रश्न विचारा. ज्या शाळेत ह्या तिन्ही प्रश्नांना माणसांची नावे घेऊन उत्तर मिळेल, तेथील बाग पुढल्या वर्षीही हिरवी असेल आणि तेथील गाजर मुलांच्या ताटात पोहोचेल.