मूत्रपिंडाचा आजार आणि परिचारिकेचे शिक्षण



आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. हल्ली खेड्यापाड्यांतही त्यांना किडनी असेच म्हणतात. ही दोन लहानशी इंद्रिये दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला उपयोगाचा बहुतेक भाग रक्तात परत घेतात आणि लिटर-दीड लिटर तेवढे लघवीवाटे बाहेर टाकतात. मधुमेह, रक्तदाब, किंवा दुकानातून मनाने आणून वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांनी ती खराब होतात. ती जवळजवळ बंद पडली म्हणजे रक्त यंत्राने धुवावे लागते. यालाच डायलिसिस म्हणतात. ते बहुधा आठवड्यातून तीन वेळा आणि दर वेळी चार तास करावे लागते.

आता शिक्षक बंधुभगिनींनी जरा हिशेब करून पाहावा. आठवड्याचे तास १६८. त्यांतले १२ यंत्रापाशी गेले. उरलेले १५६ तास हा माणूस कुठे असतो? घरी असतो, शेतावर असतो, एस.टी.त असतो, लग्नाच्या पंगतीत असतो. तिथे डॉक्टर नाही, परिचारिका नाही, यंत्रही नाही. तेव्हा यंत्राची कळ कोणती आणि काटा कोणता, एवढेच परिचारिकेला शिकवले तर बारा तासांची सोय झाली. बाकीच्या तासांचे काय? आज मला बोलायचे आहे ते याविषयी.

थोडा इतिहास सांगतो. १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, हॉलंडमधल्या कांपेन गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी पहिले कामाचे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. ते थोड्या दिवसांच्या आजारासाठी ठीक होते. कारण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि शरीरात अशा जागा काही अगणित नसतात. १९६० साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरी डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी काढली. त्या नळीवर क्लाइड शील्ड्स नावाचा एक कारागीर पुढे अकरा वर्षे जगला. याच शहरात १९६४ साली एका शाळकरी मुलीसाठी घरी ठेवण्याजोगे यंत्र तयार करण्यात आले. ते चालवायला घरच्या माणसांनाच शिकावे लागले. माझ्या मते परिचारिकेच्या कामाला वेगळे वळण लागले ते इथे. करणारी होती, ती आता शिकवणारीही झाली.

पण शिकवणे म्हणजे सांगणे नव्हे, हे शिक्षकांना मी काय सांगावे! फळ्यावर लिहिले म्हणजे पोराला आले असे होत नाही. रुग्णालयात मात्र पुष्कळदा असेच धरून चालतात. ‘पाणी कमी प्या’ असे बजावले की झाले. समजा, समोर विदर्भातला एक शेतकरी बसला आहे. वैशाखाचे ऊन. ‘कमी’ म्हणजे त्याने किती समजायचे? नेहमी पाच तांबे पितो, तर तीन? आणि चहा, ताक, आमटी, पेज हे त्याच्या लेखी पाणी नव्हेच. दोन दिवसांनी तो येतो तेव्हा वजन चार किलोंनी वाढलेले, पाय सुजलेले, आडवे पडले की दम लागतो. एक लिटर पाणी अंगात राहिले की एक किलो वजन वाढते, असा हा सरळ हिशेब आहे. मग एवढे पाणी चार तासांत ओढून काढायचे म्हणजे रक्तदाब घसरतो, पोटऱ्यांत गोळे येतात. सिस्टर रागावते, ‘ऐकतच नाहीत हे लोक!’ तो बिचारा खाली मान घालतो.

शिकलेली परिचारिका इथे निराळे वागेल. ती आधी विचारील, ‘दादा, सकाळी उठल्यापासून काय काय घेता ते सांगा बरं.’ मग डॉक्टरांनी ठरवून दिलेले माप ती त्याच्याच घरच्या भांड्यात बसवून देईल. हे माप साधारणपणे आदल्या दिवशी झालेली लघवी आणि वर अर्धा लिटर, असे असते. तेवढे पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवायचे. चहा घेतला की तेवढे बाटलीतून ओतून टाकायचे. बाटली संपली, दिवसाचे पाणी संपले. आणि तहानेचे मूळ मिठात आहे, हेही ती सांगेल. लोणचे, पापड, खारवलेली मिरची सुटली तर तहान आपोआप उतरते. शेवटी ती म्हणेल, ‘आता घरी गेल्यावर वहिनींना हे कसं सांगाल, ते मला सांगून दाखवा.’ त्याने आपल्या शब्दांत सांगितले, म्हणजे समजले. अडखळला तर पुन्हा सांगायचे. आणि दोष समजणाऱ्याचा नव्हे, सांगण्याचा धरायचा.

खाण्याचेही तसेच. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची रीत आहे. रीत चांगली, पण डायलिसिसवरच्या माणसाला शहाळ्याचे पाणी बाधते. त्यात पोटॅशियम फार. ते मूत्रपिंडे बाहेर टाकू शकत नाहीत आणि रक्तात साठले तर हृदय अचानक बंद पडू शकते. केळी आणि सुका मेवा यांचेही तेच. बटाटा व भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडाव्या आणि ते पाणी फेकून द्यावे. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून जे मीठ मिळते, त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. घरचे लोक प्रेमाने, जास्त पैसे मोजून ते आणतात. म्हणून परिचारिकेने घरी काय शिजते, कोण शिजवते, हे विचारले पाहिजे. छापील तक्ता हातात देऊन हे काम होत नाही.

आणखी एक गोष्ट हाताची. १९६६ पासून नळीऐवजी मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आली. तिला फिस्तुला म्हणतात. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यावर बोट ठेवले की मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. ही थरथर रोज सकाळी स्वतः पाहायची, आणि ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. त्या हाताला घट्ट बांगड्या किंवा घड्याळ नको, त्या हातावर वैरणीचा भारा नको, आणि गावच्या दवाखान्यात त्याच हातात सुई टोचू द्यायची नाही, की रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही. ‘हा हात नको, दुसरा घ्या,’ हे मोठ्या माणसासमोर बोलायला धीर लागतो. तो धीर परिचारिकेने दोनतीनदा वदवून घेऊन द्यावा.

मग हे शिक्षण परिचारिकांना मिळायचे कसे? २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांतून यंत्रे येऊ लागली. यंत्र येते तेव्हा ते विकणाऱ्या कंपनीचा माणूस दोन दिवस कळा दाखवून जातो. त्याला प्रशिक्षण म्हणायचे असेल तर म्हणावे! मला वाटते, प्रत्येक केंद्रात महिन्यातून एक दुपार राखून ठेवावी. त्या दुपारी बाहेरचा व्याख्याता नको. जुन्या आजाऱ्यालाच खुर्ची द्यावी. पहाटे चारला उठून पहिली एस.टी. धरणे म्हणजे काय, दाभणासारख्या दोन सुया टोचताना कोणाचा हात हलका लागतो, मजुरी किती बुडते, बायकोशी भांडण कशावरून होते, हे त्याला विचारावे. तरुण सिस्टरांनी ऐकावे, लिहून घ्यावे.

याच दुपारी एक अवघड विषयही बोलून घ्यावा. कोणी मूत्रपिंडरोपणाची वाट पाहतो. कोणाला पोटात नळी बसवून घरच्या घरी दिवसातून तीनचार वेळा द्रव बदलणे सोयीचे पडते. दूरच्या गावी राहणाऱ्याला हे मुद्दाम सांगायला हवे. आणि एखादे ऐंशीचे आजोबा म्हणतात, ‘पुरे झाले आता, मला घरी राहू द्या.’ त्यांना गप्प करायचे नाही, धमकवायचे नाही. काय दुखते, कशाची भीती वाटते, मुलांवरच्या खर्चाची लाज वाटते का, हे शेजारी बसून विचारायचे आणि डॉक्टरांच्या कानी घालायचे. कधी एवढ्या बोलण्याने ते पुन्हा यायला लागतात. कधी नाही येत. तेव्हाही त्यांना औषध आणि आराम मिळत राहील, असे पाहायचे.

आपल्या गावात कोणी डायलिसिसला जात असेल तर शिक्षकांनी एवढे करावे: त्याच्या कार्डावर किंवा वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत तीन गोष्टी लिहून द्याव्यात. जपायचा हात उजवा की डावा, डॉक्टरांनी ठरवलेले वजन किती, आणि केंद्रातल्या सिस्टरांचा फोन.