ध्वनी, कागद आणि मालकी

१९८० च्या दशकात नेदरलँड्समधील एनओएस या सार्वजनिक नभोवाणीवरून संगणकाच्या आज्ञावल्या ध्वनिरूपाने प्रसारित होत. श्रोते त्या कॅसेटवर मुद्रित करीत आणि घरच्या यंत्रात उतरवीत. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळत नसे. म्हणून ‘बेसिकोड’ ही सामाईक बोली ठरविण्यात आली. ग्राहकाला एकाच कंपनीच्या दावणीला बांधणारा दोर तिने सैल केला, हे तिचे आर्थिक महत्त्व मला अधिक वाटते.

क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने काढला. पेटंट घेतले, पण वापरावर हक्क बजावला नाही. (वाचकयंत्रे खपविण्याचा हिशेबही त्यात होताच!)

आज ‘जीजीवेव्ह’ हे खुले साधन इंटरनेटवाचून ध्वनीतून सेकंदाला ८ ते १६ बाइट पाठविते. वेग नगण्य, परंतु तिची आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी.

आपल्या भाजीवालीच्या हातगाडीवरील कोडही कोणाला स्वामित्वधन न देता छापता येतो. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या डबीचे मात्र तिच्यासारखे कित्येकजण दरमहा भाडे भरतात. ते भाडे कोण ठरवितो? आणि खुल्या आज्ञावलीवर चालणारी डबी एखाद्या सहकारी पतसंस्थेने का करून पाहू नये?