सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी

कोरेगावात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना एक प्रश्न मी नेहमी ऐकते. मुलाच्या जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन साताऱ्याला ठरते. "सकाळी या, संध्याकाळी घरी जा," असे सर्जन सांगतात. मग आईवडील मला विचारतात, "मॅडम, एका दिवसात सोडतात म्हणजे काम नीट करतात ना?"

आपल्याकडे दुखणे किती मोठे, हे दवाखान्यातल्या मुक्कामावरून ठरते. म्हणून लवकर सुट्टी म्हणजे घाई, असे वाटते. पण ही पद्धत जुनी आहे. ग्लासगो शहरात जेम्स निकोल या सर्जनने १८९९ ते १९०८ या काळात सुमारे ९ हजार मुलांवर ऑपरेशने करून त्यांना लगेच घरी पाठवले. १९०९ मध्ये त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. लहान मूल आईजवळच चांगले सावरते, असे त्यांचे मत होते. घरी मूल शांत झोपते आणि दवाखान्यातल्या जंतुसंसर्गाचा धोकाही टळतो. अर्थात, वेळेआधी जन्मलेली तान्ही बाळे किंवा हृदयविकार असलेली मुले यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागू शकते.

"थोडे मोठे झाल्यावर बघू," असेही पालक म्हणतात. बेंबीचा हर्निया बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप बसतो. जांघेतला मात्र बसत नाही. त्यात आतडे अडकले, तर ठरवून करायचे ऑपरेशन धावपळीत करावे लागते.

तरीही पालकांची भीती मी अज्ञान मानत नाही. घर रस्त्यापासून लांब वस्तीवर असते, रात्री एसटी नसते. अशा वेळी मूल ओकू लागले तर काय करायचे? ही अडचण सर्जनना आधीच सांगा. एक रात्र साताऱ्यात नातेवाइकांकडे राहता येते, किंवा दवाखान्यातच मुक्काम मागता येतो. निघताना तीन गोष्टी लिहून घ्या : रात्री फोन कोणाला करायचा, वेदनेचे औषध किती आणि केव्हा द्यायचे, आणि कशाला घाबरायचे. सारख्या उलट्या, न थांबणारे रक्त, वाढती सूज, लघवी न होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. मूल हाक मारूनही जागे होत नसेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

उपाशी ठेवण्याचा नियमही काटेकोर पाळा. साधारणपणे अन्न आणि वरचे दूध सहा तास आधी, अंगावरचे दूध चार तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. पोटात अन्न असताना भूल दिली, तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. आजीने मायेने पहाटे बिस्कीट भरवले असेल, तर लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकलता येते.

शेवटी घरातल्या मोठ्यांना एक विनंती. दवाखान्यातल्या परिचारिकेचे काम त्या रात्री आईकडे येते. तिला एकटीला जागवू नका. बाबांनी, आत्याने पाळी वाटून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी तिला शेतात जायला लावू नये.