कथा सांगणारा कोण?



पोटापाण्याचे इतके प्रश्न समोर असता गोष्टींच्या पुस्तकांचा विचार कशाला करावा, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. परंतु ज्याच्या हाती लेखणी, तोच दुसऱ्याचे मोल ठरवितो, ही गोष्ट बारामती व इंदापूर तालुक्यांना नवीन नाही. इंग्रज सरकारच्या जमीनमोजणीची नवी पद्धत १८३६ साली प्रथम इंदापुरात लागू झाली. पुढे १२ मे १८७५ रोजी बारामती भागातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता. जो कागद आपणांस वाचता येत नाही, तोच गळ्याचा फास होतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

कथेचेही तसेच आहे. मराठी लघुकथा इंग्रजी अमदानीतच वाढली. १८९० साली हरि नारायण आपट्यांचे ‘करमणूक’ निघाले, १८९५ साली ‘मनोरंजन’ निघाले. लिहिणारे बहुतेक शहरी व उच्चवर्णीय. त्यांच्या घरची भाषा ती शुद्ध ठरली आणि इतरांची अशुद्ध. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ‘निबंधमाला’कार चिपळूणकरांनी त्यांच्या विचारांबरोबर त्यांच्या व्याकरणाचीही टर उडविली. भाषेत चूक काढली की म्हणणे ऐकण्याची गरज उरत नाही, असा हा डाव आहे.

त्या काळातील कथांचे एखादे जुने पुस्तक आपण उघडा आणि केवळ क्रियापदांकडे पाहा. पाटील ‘आले’, भटजी ‘बसले’, मामलेदारसाहेब ‘म्हणाले’, आणि महार? तो पिकल्या केसांचा म्हातारा असला तरी बहुधा ‘आला’, ‘बसला’, ‘म्हणाला’. त्याच्या नावापुढे ‘राव’ नाही, उलट ‘या’ लावून ते तोडलेले. त्याच्या तोंडी जोहार आणि गयावया. लेखकाच्या मनात दुष्टावा असेलच असे नाही. परंतु एका अनुस्वाराशिवाय, एका शिवीशिवाय, केवळ एकवचनाने माणूस खाली बसविता येतो.

श्रीपाद महादेव माटे यांनी अस्पृश्यतानिवारणाचे काम केले. सनातन्यांनी त्यांना ‘महार माटे’ म्हणून हिणविले, तरी ते डगमगले नाहीत. त्यांच्या ‘उपेक्षितांचे अंतरंग’ (१९४१) या पुस्तकातील कळकळ खरी आहे, ती मान्य केली पाहिजे. तथापि तेथेही अंतरंग उपेक्षितांचे आणि सांगणारा दुसरा. दया करणाऱ्याने सांगितलेल्या कथेत आपण दयेचा विषय होतो. कथेचे धनी होत नाही.

ते धनीपण पुढे आले. आटपाडीच्या महारवाड्यातून आलेले शंकरराव खरात ‘बारा बलुतेदार’ (१९५९) लिहितात, ‘सांगावा’ लिहितात, तेव्हा गावगाड्याकडे पाहणारी दृष्टी वेशीबाहेरची असते. पिढ्यान् पिढ्या इतरांचे सांगावे पायपीट करून पोचविणारा समाज आता स्वतःचा सांगावा सांगू लागला.

धम्मदीक्षा घेतल्याने आपण जुनी ओळख टाकली. परंतु आपले मूल शाळेत आजीच्या बोलीची लाज बाळगीत असेल, तर जुनी ओळख मागच्या दाराने घरात आली असे समजा. प्रमाण मराठी आपल्या मुलामुलींना उत्तम आलीच पाहिजे. अर्ज, न्यायालय व परीक्षा तिच्याशिवाय जिंकता येत नाहीत. पण घरची बोली हीही भाषाच आहे, हेही त्यांना सांगा.

म्हणून एवढेच करा. घरात जो वडीलधारा असेल, त्यास बोलते करा. पाणवठ्याची, वेठीची, दीक्षेच्या दिवसाची हकीकत त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. हे काम मुलीकडेही द्या. आणि लिहिताना आजोबा ‘आले’, आजी ‘म्हणाल्या’ असेच लिहा. ज्यांना कोणत्याही कथेने आदराचे अनेकवचन दिले नाही, त्यांना ते आपल्या हातून मिळू द्या.

जय भीम.