जखमीनं यायचं नाही, डॉक्टरनं जायचं



कापूस वेचणीचे दिवस आहेत. काही जणी वावरात असाल, काही जणी चुलीपाशी. हातचं काम सोडू नका, कान तेवढे इकडे द्या.

आज आपण लढाईतल्या डॉक्टरबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपला त्याच्याशी काय संबंध? आपल्या जिल्ह्यात पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे. गावोगावची मुलं फौजेत जातात. शिपाई आपल्याला ठाऊक असतो. पण त्याला गोळी लागल्यावर त्याच्याकडे कोण धावतं, काय करतं, हे आपण सहसा विचारत नाही. आम्ही गटातल्या बायकांनी ते विचारलं, वाचून घेतलं, जाणत्यांकडून समजून घेतलं. तेव्हा कळलं की लढाईतल्या डॉक्टरकडून आपल्या घरात आणि वावरात उपयोगी पडेल असं पुष्कळ शिकता येतं.

सुरुवात आपल्या सेवाग्रामपासूनच करू. बापू १९३६ साली इथे राहायला आले. त्यांनी हयातभर अहिंसा सांगितली. पण तरुणपणी, दक्षिण आफ्रिकेत असताना, ते लढाईच्या मैदानावर गेले होते. बंदूक घेऊन नाही, जखमींची डोली घेऊन. १८९९ साली तिथे इंग्रज आणि बोअर लोकांची लढाई जुंपली. तेव्हा त्यांनी हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक उभं केलं. त्यात सुमारे ११०० माणसं होती. जखमी शिपायाला डोलीत घालून एका दिवसात वीस-पंचवीस मैल चालावं लागे. पुढे १९०६ साली झुलू लोकांचं बंड झालं. तेव्हा चोवीस जणांचं लहान पथक घेऊन ते पुन्हा गेले. फटक्यांनी अंग फुटलेल्या झुलू लोकांच्या जखमा धुवायला गोरी माणसं तयार नव्हती. बापूंच्या पथकानं त्या धुतल्या. हे त्यांनी स्वतः आपल्या आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

आता दुसरी गोष्ट. १९३७ साली जपाननं चीनवर मोठी चढाई केली. चीनच्या सेनापतींनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. कार्यकारिणीच्या बैठका तेव्हा पुष्कळदा आपल्या वर्ध्यातच भरत. आपला देश स्वतः गुलामीत होता, तरी लोकांकडून वर्गणी जमली. २२,००० रुपये उभे राहिले आणि पाच डॉक्टर निघाले. पुढारी होते अलाहाबादचे डॉ. अटल. डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी बंगालचे. डॉ. चोळकर आपल्या शेजारच्या नागपूरचे, वयानं सगळ्यांत मोठे. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, अवघे २७ वर्षांचे. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईच्या बंदरातून बोट सुटली.

डॉक्टर कोटणीस चीनमध्ये असतानाच त्यांच्या वडिलांच्या निधनाची बातमी आली. सोबत्यांनी सांगितलं, तू घरी जा. ते गेले नाहीत. बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत.

आता त्यांचं काम कसं चालायचं ते ऐका. उत्तर चीनच्या डोंगरात पक्का दवाखाना नव्हता. आज इथे, उद्या दुसऱ्या गावी. शेतकऱ्याचं घर हाच दवाखाना, दार काढून आडवं ठेवलं की तेच ऑपरेशनचं टेबल. औषधं जनावराच्या पाठीवर लादायची आणि शत्रू आला की रातोरात उठायचं. १९४० सालच्या एका मोठ्या लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे.

त्यांच्या आधी त्याच भागात कॅनडाचे एक डॉक्टर काम करत होते, नॉर्मन बेथून. त्यांचा एक नियम होता. जखमी आपल्याकडे येईल म्हणून वाट पाहायची नाही, आपण जखमीकडे जायचं. कारण साधं आहे. जखमीला खाटेवर टाकून दोन दिवस डोंगर तुडवत आणलं, तर वाटेतच रक्त जातं, जखम सडते. तोच माणूस काही तासांत डॉक्टरच्या हाती लागला तर वाचतो. म्हणून ते दवाखानाच लढाईच्या जवळ न्यायचे. चीनला येण्याआधी स्पेनच्या युद्धात त्यांनी रक्ताच्या बाटल्या गाडीत घालून जखमींपर्यंत पोचवल्या होत्या.

लढाईतल्या डॉक्टरचा दुसरा नियम जास्त अवघड आहे. एकाच वेळी तीस जखमी आले आणि डॉक्टर एकच असला, तर आधी कोणाला घ्यायचं? जो जास्त ओरडतो त्याला? जो मोठा साहेब आहे त्याला? नाही. ज्याचा जीव आत्ता जातो आहे आणि आत्ता हात लावला तर वाचेल, त्याला. ओरडणाऱ्याच्या छातीत निदान श्वास तरी असतो. गप्प पडलेला, पांढरा पडलेला, अंग गार पडलेला माणूस आधी बघायचा असतो. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या फौजेत लारे नावाचे एक शल्यचिकित्सक होते. त्यांनी हुद्दा न पाहता जखम पाहायची, ही रीत घालून दिली.

तिसरा नियम, जखमी शत्रूलाही औषध द्यायचं. हा नियम जगात येण्यामागे बायकांचा हात आहे, हे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनो गावाजवळ लढाई झाली. हजारो जखमी जवळच्या कास्तिलिओने गावात येऊन पडले. गावातल्या बायकांनी हा आपला, तो परका असं पाहिलं नाही. सगळे आपले भाऊच, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना पाणी पाजलं, पट्ट्या बांधल्या. आंरी द्युनाँ नावाच्या प्रवाशानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे त्यातूनच रेडक्रॉस उभी राहिली. १८६४ साली जिनिव्हात देशादेशांचा करार झाला.

बहिणींनो, आता हे तिन्ही नियम आपल्या गावात आणून बघू.

आपल्याकडे तोफा नाहीत, पण रक्त सांडतं. सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये हात जातो. विळा लागतो. रस्त्यावर दुचाकी घसरते. आणि बाळंतपण. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात माता दगावण्याचं एक फार मोठं कारण आहे. अंगावरून धो धो जाणारी बाळंतीण ओरडत नाही. ती गप्प होत जाते. घरचे म्हणतात, थकली आहे, झोपू द्या. लढाईतला डॉक्टर असता तर सगळ्यांना सोडून आधी तिच्याकडे धावला असता. म्हणून कपड्यामागून कपडा भिजत असेल, बाई पांढरी पडत असेल, घाम सुटून अंग गार होत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी १०८ ला फोन लावायचा.

आणि डॉक्टर येईपर्यंत जवळ कोण असतं? आपणच. कुठे कापलं, रक्त उसळलं, तर स्वच्छ धुतलेलं फडकं घ्या आणि जखमेवर जोरानं दाबून धरा. फडकं भिजलं तर काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा आणि दाब सोडू नका. जखमेत हळद, चहापत्ती, राख, रॉकेल काही भरू नका. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, ते विचारा. लढाईत शिपायांनाही हेच शिकवतात, कारण डॉक्टरच्या आधी शेजारचा शिपाई पोचलेला असतो.

दुसऱ्या नियमाचंही तसंच. गावात गाडी एकच असते. ती आधी कोणासाठी निघते? मोठ्या घरच्या माणसाचा पाय मुरगळला म्हणून, की टोकाच्या वस्तीतल्या बाईला कळा असह्य झाल्या म्हणून? हे आपण आपल्या मनाला विचारायचं आहे.

रक्ताचंही बोलू. लढाईतला डॉक्टर रक्ताशिवाय हतबल असतो, बाळंतपणाचा डॉक्टरही. वय १८ च्या पुढे, वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा असलं, तब्येत ठीक असली, तर बाईसुद्धा रक्त देऊ शकते. पण आपल्यातल्या कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन तिथवर पोचतच नाही. रक्त देणं दूर, आपलंच रक्त आपल्याला पुरत नाही. लोहाच्या गोळ्या अंगणवाडीत, उपकेंद्रात मिळतात. त्या डब्यात ठेवायला नसतात, खायला असतात.

आता या गोष्टीचा शेवटचा भाग. तो सांगताना आमचाही आवाज जड होतो.

१९३९ च्या ऑक्टोबरात एका जखमीवर शस्त्रक्रिया करताना डॉक्टर बेथूनचं बोट कापलं. एवढीशी जखम. तेव्हा पेनिसिलीन वापरात आलं नव्हतं. जंतू अंगात भिनले, तरी ते जखमींकडे जात राहिले. १२ नोव्हेंबरला ते गेले. त्यांच्या नावानं चाललेल्या दवाखान्याचे प्रमुख म्हणून १९४१ साली कोटणीसांची नेमणूक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी तिथल्याच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

कोटणीसांना फिट येत होत्या. सोबती म्हणाले, उपचाराला दुसरीकडे जा. ते कामाच्या जागेवरून हलले नाहीत. रुग्ण बघायचे, शिकवायचे, चिनी भाषेत शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायचे. ९ डिसेंबर १९४२ ला, लागोपाठ फिट येऊन, वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. बाळ तेव्हा साडेतीन महिन्यांचं होतं. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे. गुओबाई पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या.

सगळे या गोष्टीला त्याग म्हणतात. तो त्याग आहेच. पण आम्हा बायकांना त्यात आणखी काहीतरी दिसलं. हजारोंच्या जखमेकडे धावणारे हे दोघे स्वतःच्या दुखण्याकडे मात्र गेले नाहीत. लढाई होती, औषध नव्हतं, त्यांचा नाइलाज होता. आपलं काय? घरात सासूची गोळी आपण वेळेवर देतो, लेकराला ताप आला की रात्रभर जागतो. आणि स्वतःच्या अंगावरून पांढरं जातं, छातीत गाठ लागते, चक्कर येते, तेव्हा म्हणतो, वेचणी संपू दे, मग बघू. वेचणी संपते, तूर येते. तूर संपते, लग्नसराई येते.

फिटचंही तसंच. मुलीला फिट येते हे आपण झाकतो, लग्न मोडेल म्हणून. कांदा हुंगवतो, चप्पल नाकाला लावतो, बाबाकडे नेतो. फिट हा मेंदूचा आजार आहे, त्यावर गोळ्या आहेत आणि पुष्कळ जणांच्या फिट गोळ्यांनी थांबतात. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचे दगड-भांडी दूर करा, तोंडात चमचा घालू नका, हातपाय आवळून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ आली, तर १०८. कोटणीसांसारखा डॉक्टर ज्या आजारानं गेला, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आपल्या मुलींसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. पुण्यात १९४८ पासून फौजेच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे, तिथे मुलीही शिकतात. तिथेच शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या. एवढ्या हुद्द्यावर पोचलेल्या त्या देशातल्या तिसऱ्या बाई. आपल्या शाळेतल्या हुशार पोरीला हे नाव सांगा.

तर बहिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की एवढं करा. प्रत्येकीनं आपल्या शेजारणीला विचारायचं, तुझं काय दुखतं? ती म्हणेल, काही नाही. मग पुन्हा विचारायचं. ती आपल्याकडे येणार नाही. आपण तिच्याकडे जायचं.