जिवाणूंची भित्तिका आणि ग्रॅमची रीत



इ. स. १८८४ मध्ये बर्लिन येथे हान्स ख्रिश्चन ग्रॅम हे डॅनिश वैद्य न्यूमोनियाने मृत झालेल्यांच्या फुप्फुसांचे छेद तपासीत होते. ऊतींत दडलेले जिवाणू स्पष्ट दिसावेत, एवढाच त्यांचा हेतू. छेदाला जांभळा रंग द्यावा, वर आयोडीन घालावे व अल्कोहोलने धुवावे, ही त्यांची रीत. काही जिवाणूंनी रंग राखला. विषमज्वराच्या जिवाणूंनी तो सोडला.

कारण पुढे उलगडले. पेप्टिडोग्लायकनची भित्तिका जाड असेल तर रंग आत अडकतो. पातळ असेल तर निसटतो. असे जिवाणू मग सॅफ्रानिनने तांबूस रंगविले जातात. क्षयाच्या जिवाणूची भित्तिका मात्र मेणासारखी. तिच्यासाठी झील-नील्सनसारखी पद्धत हवी.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हे. मेंदूज्वरात पाठीच्या कण्यातील द्रवाचा थेंब या रीतीने रंगविला, तर त्यात दिसणारे जिवाणू काही मिनिटांतच औषधाची दिशा सुचवितात. जिवाणूंच्या संवर्धनाला निदान एक दिवस लागतो. तेवढ्या अवधीत रुग्ण दगावू शकतो.

आपली रीत सदोष आहे, असे ग्रॅम यांनी स्वतःच लिहून ठेवले. तरीही इतरांना ती उपयोगी पडेल, या आशेने ती प्रसिद्ध केली. अपुरे ज्ञानही प्रांजळपणे छापले गेले, म्हणूनच पुढील पिढ्यांना ते पूर्ण करता आले.